‘उत्स्फूर्त’ या शब्दाविरुद्ध

१

मराठीत गाण्याविषयी लिहिताना समीक्षकाच्या हाताशी दोन शब्द सदैव तयार असतात. गाणे जात्यावरच्या बाईचे असले की तो त्याला ‘उत्स्फूर्त’ म्हणतो. जलशातल्या शाहिराचे असले की ‘प्रचारकी’ म्हणतो. पहिला शब्द कौतुकाचा आणि दुसरा नापसंतीचा, अशी आपली समजूत आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हे दोन्ही शब्द एकाच गृहीतकाच्या पोटी जन्मलेले आहेत. दोहोंचाही परिणाम गाणाऱ्याला साहित्याच्या उंबरठ्याबाहेर उभे करण्यात होतो. आणि त्यांतला कौतुकाचा शब्द अधिक घातक आहे. नापसंतीशी निदान भांडता येते. कौतुकाशी भांडायला गेलेला मनुष्य अरसिक ठरतो.

हे गृहीतक थोडक्यात असे मांडता येईल. भावना ही व्यक्तीच्या अंतरंगात आधी सिद्ध होते आणि मग तिला बाहेर येण्याची वाट हवी असते. ती आपोआप, कोणाकडेही न पाहता बाहेर आली तर तो आविष्कार. कोणाला तरी काही कळावे वा पटावे म्हणून बाहेर काढली गेली तर तो प्रचार. म्हणजे श्रोता नसेल तितके गाणे शुद्ध आणि श्रोता असेल तितके अशुद्ध! गाण्यासारख्या मुळातच ऐकण्याजोग्या, ऐकवण्यासाठी असलेल्या गोष्टीविषयी अशी भूमिका घेणे किती विपरीत आहे, हे आपल्या लक्षात येत नाही; कारण ती भूमिका आपण मुद्रित भावकवितेच्या वाचनातून उचलली आहे आणि गाण्यावर लादली आहे.

हा वाद केवळ परिभाषेचा नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधिकेची तोंडी परीक्षा घेण्याचा प्रसंग आला. विद्यार्थिनीने स्वतःच्या आजीकडून ओव्या जमवल्या होत्या. काम मन लावून केलेले होते. मात्र प्रत्येक ओवीखाली ‘कर्ती : अज्ञात’ असे टंकलिखित केलेले. “या ओव्या आजीला कोणी शिकवल्या?” असे विचारता ती म्हणाली, “बऱ्याच तिच्या आईच्या. काही तिने स्वतः जोडल्या. माझे मामा घर सोडून गेले तेव्हाच्या.” “मग अज्ञात का?” “लोकसाहित्याला कर्ता नसतो, असे सरांनी सांगितले.” आजी त्या वेळी हयात होती, त्याच घरात राहत होती आणि बहुधा नातीची परीक्षा कशी झाली याची वाट पाहत होती. एका जिवंत स्त्रीला तिच्याच नातीच्या हातून अज्ञात ठरवणारा हा सिद्धांत आहे तरी काय, ते पाहिले पाहिजे.

२

प्रथम ‘उत्स्फूर्त’ या शब्दाचाच विचार करू. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा निर्देश आहे. म्हणजे हा प्रकार किमान आठ-नऊशे वर्षे चालत आलेला आहे. इतका काळ टिकलेल्या आणि सबंध प्रदेशभर पसरलेल्या रचनाबंधाला त्याचे संकेत असतात, त्याची तालीम असते, त्यातल्या चुका दाखवणारी मंडळी असतात. जात्याशी समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एक ओवी उचलते, दुसरी ती धरते. कोठे थांबायचे, कोणता शब्द दुणायचा, कोणत्या नात्याची ओवी कोणत्या नात्याच्या ओवीनंतर यायची, याची जाण लहानपणापासून आई-आजीच्या मांडीशी बसून मिळवावी लागते. ख्यालगायकाने मैफलीत ऐन वेळी एखादी जागा घेतली तर आपण तिला ‘उपज’ म्हणतो आणि तिच्यामागे कित्येक वर्षांची तालीम पाहतो. दळणारणीने ऐन वेळी नवा चरण जोडला तर मात्र तिचे हृदय भरून आले, असे म्हणतो. एकाच कृतीसाठी बुवांना विद्या आणि बाईला हृदय, अशी ही वाटणी आहे.

अशोक दा. रानडे यांनी १९७५ साली ‘लोकसंगीतशास्त्र’ हे नाव आपल्या ग्रंथाला दिले, तेव्हा त्या नावातच एक प्रतिपादन होते: लोकसंगीतालाही शास्त्र असते. संगीताच्या अभ्यासकांनी हे प्रतिपादन बऱ्याच प्रमाणात मानले. साहित्याच्या अभ्यासकांनी ते ऐकूनच घेतले नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. आविष्कारवादी म्हणतात त्याप्रमाणे भावना आधी आणि गाणे मागाहून, असा क्रम खरोखरच असतो काय? ओव्यांमध्ये सीतेच्या सासुरवासाची एक प्रसिद्ध कल्पना येते. सीतेच्या वाट्याला आलेला सासुरवास इतका अपार होता, की तो तिने वाटून टाकला, आणि त्याचा थोडा थोडा अंश देशोदेशीच्या बायकांच्या पदरी पडला, अशी ती कल्पना आहे. या कल्पनेकडे आपण ‘भाबडी लोकश्रद्धा’ म्हणून पाहतो. वास्तविक तीत भावनेविषयीचा एक पक्का सिद्धांत आहे. माझे दुःख हे माझ्या अंतरंगात एकट्याने उगवलेले नसून ते मला वाट्याने आलेले आहे. ते माझ्याआधी दुसरीचे होते. आणि ते ओळखण्याची रीत मला गाण्याने दिली. सोळा वर्षांची सून जात्यावर बसून सीतेची ओवी म्हणते तेव्हा ती आपले सिद्ध दुःख बाहेर टाकत नसते. आपल्याला जे काही होत आहे त्याचे नाव काय, हे ती शिकत असते. अशा ठिकाणी गाणे भावनेच्या मागून येत नाही. भावनेला आकार यावा, म्हणून ते आधीपासून तेथे असते.

पाश्चात्त्य विचाराच्या आधाराशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी सुझॅन लँगरकडे जावे. ‘फिलॉसफी इन अ न्यू की’ (१९४२) या ग्रंथात तिने आत्माविष्काराच्या सिद्धांताचे जे खंडन केले त्याचा गाभा असा, की भावनेला नुसती वाट करून द्यायची तर कलारूपाची गरजच पडत नाही. हुंदका पुरतो. संगीत हे भावनेचे लक्षण नव्हे; ते भावनेच्या घडणीचे प्रतीक आहे. लँगरचे पुढचे विवेचन शुद्ध वाद्यसंगीताकडे झुकते आणि ते आपल्याला जसेच्या तसे पुरणारे नाही. परंतु रडणे आणि रडण्याचे गाणे यांत तिने केलेला भेद आपल्या लोकसाहित्यविषयक लेखनात आजही रुजलेला दिसत नाही.

आता बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घेऊ. बहिणाबाई (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. शेतात आणि घरात काम करताना त्यांनी गाणी रचली. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. घरातल्यांनी ती टिपून ठेवली. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. बहिणाबाईंचे थोरपण वादातीत आहे आणि ते कमी लेखण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. प्रश्न आपल्याविषयीचा आहे. बहिणाबाई ‘कवयित्री’ आणि त्यांच्याच गावातली, त्याच बोलीत, त्याच ओवीछंदात गाणे जोडणारी दुसरी बाई ‘लोक’, हा भेद आपण कशाच्या बळावर केला? तिच्या ओव्या आपण वाचून, तोलून बाजूला ठेवल्या असत्या तर तो निवाडा झाला असता. तसे घडलेले नाही. भेद एवढाच, की एकीच्या घरात वही होती. आपली काव्यविषयक कोटी एका वहीवर उभी आहे, हे एकदा मोकळेपणाने कबूल केलेले बरे. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हटले, तेव्हा त्या शब्दात वेदांची बरोबरी साधण्याचा अभिमान होता आणि पुरुषांनी न रचलेले, असा मार्मिक श्लेषही होता. पुढच्या अभ्यासकांनी श्लेष विसरून शब्द तेवढा ठेवला, आणि ‘पुरुषाचे नव्हे’ याचा अर्थ ‘कोणाचेच नव्हे’ असा करून टाकला.

३

बाई गाते तेव्हा ती कोणाशी बोलत असते? या प्रश्नापाशी आविष्कारवादाची खरी अडचण सुरू होते. ओव्यांचे कोणतेही संकलन उघडा. संबोधनांची दाटी दिसेल. आई, भाऊराया, शेजीबाई, सखी, पंढरीचा विठ्ठल, अगदी समोरचे जातेसुद्धा. ‘सांगते’ हे क्रियापद तर पावलोपावली येते. जी रचना इतक्या उघडपणे कोणाला तरी सांगण्याची आहे तिला आपण स्वतःशी केलेले गुणगुणणे समजलो, ही साधी वाचनातली चूक आहे.

परंतु येथे एक बारकावा आहे. ज्याला हाक मारली जाते तो भाऊ तेथे नसतो. तो दहा कोसांवर माहेरी असतो. ऐकते कोण? पलीकडच्या खोलीत अंथरुणावर जागी असलेली सासू, ओसरीवर झोपलेला दीर, जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली जाऊ. म्हणजे संबोध्य एक आणि श्रोता दुसरा. भावाला सांगितलेले सासूला ऐकू जाते, आणि सासूला ते ऐकू जाते हे गाणारीला ठाऊक असते. सासूलाही ठाऊक असते, की सुनेला ठाऊक आहे. आणि तरीही सासूला त्यावर काही बोलता येत नाही. कारण सून तिच्याशी बोललेलीच नाही. ती भावाची ओवी म्हणत होती. जी ओवी सासूनेही आपल्या तरुणपणी आपल्या सासूच्या ऐकण्यात म्हटली होती!

या घडामोडीचे विश्लेषण करण्यासाठी आपल्याला संप्रेषणशास्त्राची आयात करण्याची गरज नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात आर्थी व्यंजनेची कारणे सांगताना वक्ता, बोद्धव्य, काकू, देश, काल यांच्या पंक्तीत ‘अन्यसन्निधी’ हेही एक कारण दिले आहे. बोलणारा आणि ज्याच्याशी बोलले जाते तो, यांखेरीज तिसऱ्या कोणाच्या तरी उपस्थितीने बोलण्याला जो अर्थ प्राप्त होतो, तो अन्यसन्निधीचा. आणि मम्मटाने त्यासाठी दिलेली प्राकृत गाथा कोणाची आहे? सासू घरचे सगळे काम माझ्यावर लोटते, विसावा मिळालाच तर संध्याकाळी क्षणभर, अशी तक्रार दुसऱ्या कोणापाशी करता करता जवळच असलेल्या प्रियकराला भेटीची वेळ सुचवणाऱ्या सुनेची! मम्मटाच्या उदाहरणात तिसरा माणूस प्रियकर आहे, आपल्या जात्याच्या प्रसंगात तो सासू आहे, रचना तीच. अकराव्या शतकातल्या काश्मिरी पंडिताला जे दिसले ते विसाव्या शतकातल्या लोकसाहित्याच्या अभ्यासकाला दिसू नये, याचे कारण दृष्टीचा अभाव हे नसावे. ओवी ही काव्यशास्त्र लावण्याजोगी गोष्टच नव्हे, असे त्याने आधी ठरवून टाकले होते.

येथे कोणी विचारील, की हे सगळे शब्दांविषयी झाले; यात संगीताचा संबंध काय? संबंध पुष्कळ आहे. हीच वाक्ये ती सून पहाटे साध्या आवाजात बोलली असती तर दिवस उगवण्याच्या आत घरात कलह झाला असता. चालीवर म्हटल्याने वाक्याची जबाबदारी बदलते. बोललेले वाक्य बोलणारीचे असते. गायलेले वाक्य गाण्याचे असते. चाल ही गाणारीच्या पाठीशी उभी असलेली परंपरा आहे आणि तीच तिचा आडोसाही आहे. शिवाय चाल नुसता आडोसा करून थांबत नाही. ती चरण मध्येच तोडते, एखादा शब्द परत परत घोळवते, ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ अशी पदे मध्ये घालून मुख्य शब्द लांबवते. ऐकणाऱ्याला त्या शब्दाची वाट पाहायला लावते. सासूला तो शब्द ठाऊक असतो आणि तो केव्हा येतो इकडे तिचे कान लागलेले असतात. हा परिणाम स्वरांनी आणि लयीने साधलेला आहे, शब्दार्थाने नव्हे.

आणि आपण संकलनात काय करतो? ही मधली पदे ‘भरतीची’ म्हणून गाळतो, दोन सुबक ओळी करतो, वर्गवारी करून ‘माहेर’, ‘भाऊ’, ‘सासुरवास’ अशा मथळ्यांखाली छापतो. ज्या पदांमध्ये संबोधन होते तीच पदे भरतीची ठरतात. मग उरलेल्या ओळींकडे पाहून आपण म्हणतो: काय ही उत्कट, निरागस, उत्स्फूर्त भावना! संबोधन आपण स्वतःच्या हाताने काढून टाकलेले असते, आणि ते तेथे नाही याचे आपल्यालाच नवल वाटते.

ओवी श्रमपरिहारासाठी असते, हा दुसरा पुस्तकी समजही येथेच तपासून घ्यावा. दळताना श्रम होतात आणि गाण्याने ते हलके होतात, हे खरे. परंतु श्रमपरिहार हाच हेतू असता तर नुसती लय पुरली असती. संबोधनाचे प्रयोजन काय होते? लग्नाआधी जाते पुजून हळद दळताना आणि घाणा भरताना प्रत्यक्ष श्रम नावापुरते असतात. ओव्या मात्र भरपूर असतात, आणि त्या तर उघडपणे चार बायकांच्या देखत म्हटल्या जातात. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्यावर जाते थांबले. या प्रसंगांच्या ओव्या लगेच थांबल्या नाहीत. ज्याचे कारण श्रम होते ते श्रमाबरोबर गेले असते.

४

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू: ‘प्रचार’. सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा, लाल बावटा कलापथक या परंपरेविषयी आपल्या वाङ्मयेतिहासांतून जे थोडे लिहिले जाते, त्याचा सूर ठरलेला आहे. सामाजिक कार्य म्हणून आदर. वाङ्मय म्हणून मौन. जणू संदेश हा एक ऐवज आहे, आणि गाणे ही तो वाहून नेणारी बैलगाडी! ऐवज उतरवून घेतला की गाडीचे काम संपले.

जलशाची रचना पाहिली तर ही उपमा टिकत नाही. सत्यशोधकांनी आणि पुढे आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचा गण-गौळण-वग हा परिचित आराखडा घेतला. श्रोत्यांना पुढे काय येणार हे ठाऊक होते. ढोलकी वाजली की गण येणार, गणात गणेशस्तवन येणार. आंबेडकरी जलशात त्या ठिकाणी गणेशस्तवनाऐवजी मुक्तिदात्या मानवाचे वंदन आले. येथे संदेश कोठे आहे? केवळ नव्या शब्दांत नाही. जे अपेक्षित होते आणि जे ऐकू आले त्यांतल्या अंतरात तो आहे. ते अंतर चालीने निर्माण केले; कारण चालीने जुन्या शब्दांची आठवण जागी ठेवली होती. तेच शब्द पत्रकावर छापून वाटले असते तर मजकूर राहिला असता; अंतर नाहीसे झाले असते. म्हणजे संदेश गाण्यात भरलेला नव्हता. गाण्यावाचून तो अस्तित्वातच नव्हता. भीमराव कर्डकांच्या ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ (१९७८) या पुस्तकाच्या शीर्षकातला ‘स्वरूप’ हा शब्द समीक्षेने गांभीर्याने घेतला असता, तर हे विवेचन चार दशकांपूर्वीच होऊन गेले असते. पुढे वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२–२००४) कवीच्या गाण्यांचेही तेच झाले. वस्त्यावस्त्यांतून ती लोकांच्या तोंडी राहिली. अभ्यासक्रमांनी त्यांची दखल घेतली ती उशिरा, आणि पुष्कळदा ‘चळवळीचे साहित्य’ या वेगळ्या कप्प्यात.

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घ्या. मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाची पत्नी गावी राहिली आहे. तिचा विरह हा रचनेचा विषय. विरहाची लावणी म्हणून ती उभी राहते आणि अखेरीस त्या विरहाची सांगड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या खंडित महाराष्ट्राशी घातली जाते. कलावादी वाचक म्हणतो, विरह उत्तम, शेवटचा भाग चिकटवलेला. कार्यकर्ता वाचक म्हणतो, शेवटचा भाग महत्त्वाचा, आधीचा विरह श्रोत्यांना गोळा करण्यासाठी. दोघेही एकच चूक करतात. गिरणगावातल्या श्रोत्यांपैकी कितीतरी जणांची मैना खरोखरच गावी होती. प्रांतरचना हा विषय त्यांच्यासाठी नकाशावरचा नव्हता. घर एकीकडे आणि पोट दुसरीकडे, हा अनुभव त्यांना रोजचा होता. रचनेने त्यांना सांगितले, की तुम्ही ज्याला खासगी हुरहूर समजता ती आणि तुमच्या प्रदेशाची फाळणी या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. हे सांगणे विरहाशिवाय शक्य नव्हते, आणि विरहाचा हा अर्थ त्या सांगण्याशिवाय दिसला नसता. १९६० साली राज्य झाले. बेळगाव, निपाणी, कारवार बाहेर राहिले. आणि ती छक्कड आजही गायली जाते. काम झाल्यावर मोडीत निघणारे ते वाहन असते, तर आज ती कोणी कशाला गायली असती?

मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मते’त (१९४१) आत्मनिष्ठेची कसोटी मांडली. मुद्रित नवकवितेसाठी ती कसोटी उपकारक ठरली असेल. परंतु तिची सावली पुढच्या समीक्षेवर अशी पडली, की कवीने श्रोत्याकडे पाहणे हीच अप्रामाणिकता वाटू लागली. शाहिराची निष्ठा आत्म्याशी किती हे मोजायचे साधन आपल्यापाशी नाही. समोर बसलेल्या माणसांशी त्याने ती कशी राखली, हे मात्र त्याच्या रचनेत तपासता येते. समीक्षकाने जे तपासता येते ते सोडून जे तपासता येत नाही त्याचे निवाडे का द्यावेत?

गाण्याच्या व्यवहारात कर्ता, गायक आणि पाठवणारा हे तीन निरनिराळे असू शकतात, याचा तर आपण विचारच केलेला नाही. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागे तेव्हा गाण्याआधी नावांची यादी वाचली जाई. पोस्टकार्डावर फर्माईश पाठवणाऱ्याने ते गाणे लिहिलेले नसे, त्याला चाल लावलेली नसे, ते गायलेले नसे. तरी ठराविक संध्याकाळी ठराविक घरात ते ऐकले जाईल आणि आपले नाव त्याआधी उच्चारले जाईल, एवढ्या भरवशावर त्याने एक निरोप पाठवलेला असे. आज मोबाइलवर दुसऱ्याच्या गाण्याची एक ओळ लावून ठेवणारी मुले तेच करतात. ओवीत आईची ओवी लेक म्हणते तेव्हाही हेच घडत असते. यांत आत्माविष्कार शोधायला जाणारा हात हलवत परतेल. यांत निवड आहे, वेळ साधणे आहे, ऐकणाऱ्याची जाण आहे. आणि या सर्वांनी मिळून भावना पोहोचते.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा, की अशाने काव्य आणि संगीत यांचे समाजशास्त्र होईल. प्रत्येक गाणे म्हणजे कोणीतरी कोणाला पाठवलेला निरोप, एवढेच उरेल. मग चांगले गाणे आणि वाईट गाणे यांत भेद कसा करणार? उत्तर असे, की भेद करण्याचे आपले आजचे साधनच निकामी आहे. ‘उत्स्फूर्त’ म्हटल्यावर सगळ्या ओव्या सारख्याच चांगल्या ठरतात. हृदयाला नापास कोण करणार? ‘प्रचारकी’ म्हटल्यावर सगळे जलसे सारखेच वाईट ठरतात. उलट संबोधनाच्या अंगाने पाहिले तर कसोट्या मिळतात. ही ओवी तिच्या दोन्ही श्रोत्यांना, हाक मारलेल्याला आणि ऐकणाऱ्याला, एकाच वेळी कशी धरते? या जलशाच्या गाण्याने घेतलेल्या चालीतला जुना अर्थ उपयोगात आणला, की नुसती चाल उसनी घेतली? पुष्कळ प्रचारगीते वाईट असतात, हे निःसंशय खरे. परंतु त्यांत संदेश असतो म्हणून ती वाईट ठरत नाहीत. त्यांना समोरचा श्रोता दिसत नाही, म्हणून ठरतात. श्रोत्याच्या डोक्यावरून ती घोषणा करत राहतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. प्रत्येक ओवीत डावपेच पाहणे ही दळणाऱ्या बाईची नवी अवहेलना नव्हे काय? ती कधी नुसती आनंदाने गातच नसेल काय? विठ्ठलाला हाक मारते तेव्हा तीही सासूला ऐकवण्यासाठीच? हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. सर्व संबोधन आडवळणाचे नसते. पंढरीची ओवी विठ्ठलालाच उद्देशून असते, बाळाची बाळालाच. माझ्या विवेचनात सासुरवासाच्या ओवीला जे स्थान मिळाले आहे ते तिने मुद्दा ठळक होतो म्हणून. सर्व ओव्यांचा नमुना म्हणून नव्हे. परंतु सरळ संबोधन हेही संबोधनच असते, हे विसरू नये. जनाबाईच्या जात्याशी विठ्ठल दळायला बसतो, ही कल्पना मराठी माणसाला इतकी आपली का वाटते? तेथे हाक ऐकली जाते म्हणून. ऐकणारा येतो, खुंट्याला हात लावतो. ज्या परंपरेच्या मध्यभागी ऐकणाऱ्या देवाचे हे चित्र आहे, तिच्यातल्या गाण्याला श्रोतानिरपेक्ष म्हणण्याइतकी तिची दुसरी अवहेलना नसेल.

आणि बाईचे अश्रू? ते खरे आहेत. ते तिचे आहेत. गाणे मात्र तिचे आणि आपले आहे. म्हणून तर आपण त्याविषयी बोलू शकतो.

६

वादाचा शेवट वादाने न करता तीन साध्या गोष्टी मागाव्यात, असे वाटते.

एक: ओवीचे संपादन करताना गाणारीचे नाव, गाव, जात्यावर कोण कोण होते, ओवी कोणाकडून मिळाली, आणि गाताना मध्ये आलेली पदे, हे सर्व संहितेचा भाग मानावे. हे अशक्य नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून चालवलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या गाणारणींच्या नावागावांसह नोंदल्या गेल्या, बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून सर्वांसाठी खुल्या होत आहेत. त्या संग्रहात मराठवाड्यातल्या दलित स्त्रियांनी जात्यावर गायलेल्या भीमरायाच्या ओव्याही आहेत. आपल्या दोन शब्दांपैकी कोणता त्यांना लावायचा? त्या जात्यावरच्या आहेत म्हणून उत्स्फूर्त, की बाबासाहेबांविषयी आहेत म्हणून प्रचारकी? या एका प्रश्नापुढे आपली सबंध वर्गवारी कोसळते.

दोन: पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘लोकसाहित्य’ या वेगळ्या, ऐच्छिक प्रश्नपत्रिकेत ओवीला बसवून ठेवू नये. ‘मराठी कविता’ या मुख्य प्रश्नपत्रिकेत बहिणाबाईंच्या शेजारी एखादी नामनिर्देशित दळणारीण, मर्ढेकरांच्या शेजारी वामनदादा, हे वाचन विद्यार्थ्यांना करू द्यावे. कोण टिकते, कोण मागे पडते, ते वाचनाने ठरेल. आज ते प्रश्नपत्रिकेच्या क्रमांकाने ठरते.

तीन: गाण्याविषयी लिहिण्याआधी ते ऐकावे. ही मागणी हास्यास्पद वाटेल, पण मराठीत गाण्यांविषयी झालेले बहुतेक लेखन गाणी वाचून झालेले आहे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही गुण चांगले दिले. परीक्षा संपल्यावर तिला म्हटले, “प्रबंधिका ग्रंथालयात जमा करण्याआधी आजीचे नाव घाल.” तिने विचारले, “सगळ्या ओव्यांना? की तिने जोडलेल्या तेवढ्यांनाच?” प्रश्न योग्य होता आणि त्याचे तयार उत्तर माझ्यापाशी नव्हते. “आजीला विचार,” एवढेच म्हणालो. इतक्या वर्षांत ते तिला कोणी विचारलेले नव्हते.